तात्यांच्या विहिरीतलं तेल

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांचा फोन आला, तेव्हा मी कसबा बावड्याच्या कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत बसलो होतो. "वकीलसाब, हिरीत त्याल लागलंय," एवढंच ते म्हणाले. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी शिट्टीही मारली. मी विचारलं, मोटार चालू आहे का? "व्हय, उसाला पाणी सोडलंया की." पहिली गोष्ट मोटार बंद करा, पण स्टार्टरला हात लावू नका, डीपीवरूनच फ्यूज काढा, आणि विहिरीच्या काठावर कुणी बिडी ओढत असेल तर त्याला हाकला, असं सांगून मी फोन ठेवला. या प्रकरणात मी दिलेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच होता. बाकी कायद्याचा भाग नंतर आला.

तात्या हे त्यांचं नाव नाही आणि गावाचं नाव मी देणार नाही. करवीर तालुक्यात, पुणे–बेंगळुरू हायवेच्या कडेला गाव आहे एवढं पुरे. दोन एकर बारा गुंठे रान, आडसाली ऊस, तात्या आणि धाकटे आप्पा यांचं सामाईक. जमीन वडिलांना कुळकायद्यानं मिळालेली, ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं. विहीर जुनी, चाळीस फुटांची. उन्हाळ्यात तळ दिसायला लागला म्हणून मे महिन्यात यारी (खणलेला माल वर ओढायचं यंत्र) लावून, सुरुंग घेऊन ती आणखी वीस फूट खाली नेली. पाणी लागलं, चांगलं लागलं. जूनमध्ये पाऊस झाला, पातळी वर आली आणि एका सकाळी पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला. वास रॉकेलसारखा.

आप्पांच्या पोरानं त्याची रील केली. संध्याकाळपर्यंत ती शेजारच्या चार गावांत पोचली.

गावातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, त्या पहिल्याच दिवशी एक साधी परीक्षा केली. आपल्याकडे जांभ्याच्या भागात डबक्यांवर असा तवंग पुष्कळदा दिसतो. तो लोहजीवाणूंचा असतो, तेलाचा नसतो. ओळखायची खूण अशी की काडी घालून ढवळलं तर जीवाणूंचा तवंग काचेसारखा फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग मात्र काडीभोवती फिरतो आणि परत मिळून येतो. गुरुजींनी कडुलिंबाची डहाळी लांब बांबूला बांधून फिरवली. तवंग मिळून आला. "तेलच आहे," ते म्हणाले. पुढे त्यांनी "पण कसलं तेल ते बघायला पाहिजे" असंही म्हटलं होतं, पण तेवढं ऐकायला कुणी थांबलं नाही.

तेल कुणाचं

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ माझ्याकडे आले. तात्यांनी सातबारा टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवून विचारलं, "जमीन माझी, हीर माझी, मग त्याल कुणाचं?"

त्यांचा पुतण्या ह्यूस्टनला असतो. त्यानं रात्री व्हिडिओ कॉल करून सगळ्यांची झोप उडवली होती. टेक्सासात रानात तेल लागलं तर कंपनी जमीनवाल्याशी लीज करते, जुना रूढ हिस्सा उत्पन्नाचा आठवा भाग, दर महिन्याला चेक घरी येतो. हे खरं आहे. अमेरिकेत जमिनीखालचं खनिज हे खासगी मालकीचं असू शकतं आणि तिथल्या बहुतेक जमिनींवर ते तसं आहे. पण याच पुतण्याला मी त्याच कॉलवर विचारलं की तुझ्या घराच्या खरेदीखतात खनिजांबद्दल काय लिहिलंय? त्यानं कागद शोधला. मूळ विकणाऱ्यानं खनिजांचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले होते. म्हणजे तिथेही अंगण त्याचं आणि अंगणाखालचं दुसऱ्याचं. शिवाय टेक्सासात खनिजाचा हक्क वरचढ धरतात. वरच्या जमिनीचा मालक नको म्हणाला तरी खनिजवाल्याला वाजवी गरजेपुरती जमीन वापरता येते. आप्पा हे ऐकून जरा गप्प झाले.

आपल्याकडचं उत्तर लहान आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८. शासनानं एखाद्या जमिनीच्या देणगीत स्पष्टपणे वेगळं लिहून दिलं नसेल तर जमिनीवर किंवा जमिनीखाली, शेतात, बांधावर, नाल्यात, नदीच्या पात्रात, कुठेही सापडणारी सर्व खनिजं राज्य शासनाची. सातबारा हा वहिवाटीचा आणि महसुलाचा कागद. त्यात नाव आहे म्हणून खालचा दगडही आपला असं कुणी समजत असेल, आणि निम्मा जिल्हा समजतो, तर ते चूक आहे.

तेलाचं आणखी वेगळं. ते संविधानाच्या केंद्र सूचीत येतं. त्याचा कायदा १९४८ चा, तेलक्षेत्रं विनियमन व विकास अधिनियम, आणि २०२५ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन आता पेट्रोलियम लीज असा शब्द आला. जमिनीवरच्या क्षेत्रातल्या तेलाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याला मिळतं, हल्लीच्या करारांत कच्च्या तेलावर साडेबारा टक्के. शेतकऱ्याला त्यातलं काही नाही. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, २००४ मध्ये बाडमेरला लागलं. वरच्या जमिनीची आणि पिकाची भरपाई हा तिथला शेतकऱ्याचा हक्क, तेलाच्या टक्केवारीचा नव्हे. मराठी शेतकऱ्याचा आणि तेल-वायूचा संबंध खरं तर पाइपलाइनपुरताच येतो. १९६२ च्या कायद्याखाली रानातून पाइप नेण्याचा वापरहक्क घेतात, जमीन तुमच्याच नावावर राहते, पण त्या पट्ट्यात विहीर, घर, झाड काही करता येत नाही, आणि त्याबद्दल बाजारभावाच्या दहा टक्के. नुकसानीची भरपाई वेगळी.

तात्यांचा दुसरा मोहरा व्हॉट्सअ‍ॅपवरून आला होता. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा थ्रेसिअम्मा जेकब निकाल, "खनिज जमीनमालकाचंच" अशा मथळ्यासकट. हा निकाल खरा आहे, तीन न्यायमूर्तींचा आहे, आणि जमिनीखालच्या संपत्तीची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते असं त्यात म्हटलंय. पण पुढचं वाक्य मथळ्यात येत नाही: कायदेशीर मार्गानं मालकाचा तो हक्क काढून घेतलेला नसेल तर. ते प्रकरण केरळातल्या मलबारच्या जन्मी, म्हणजे पूर्वापार पूर्ण खासगी मालकीच्या, जमिनींचं होतं. आपल्याकडे कलम ४८ उभं आहे. मी तात्यांना म्हणालो, हा निकाल दाखवून तुम्ही मलबारात जिंकाल.

मधे एक गंमत झाली. तात्यांच्या वडिलांचे जे मूळ जमीनमालक होते, त्यांच्या नातवाचा पुण्याहून फोन आला. त्यानंही रील बघितली होती. त्याच्या घरी मोडीतली सनद होती आणि तिच्यात जुन्या सनदांत असतात तसे शब्द होते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी (पुरलेलं धन), निक्षेप (ठेव) यांसह. त्याचं म्हणणं, कुळाला गेली ती कसायची जमीन, पाषाण आणि निधी-निक्षेप आमच्याकडेच राहिले. मला हे ऐकून खरोखर आनंद झाला. वकिलाच्या आयुष्यात 'निक्षेप' शब्दावर वाद घालायची संधी रोज येत नाही. इनामं गेल्यावर त्या सनदेचं किती उरतं, देणगीत 'स्पष्टपणे वेगळं लिहिलेलं' म्हणजे काय, यावर चांगला खटला उभा राहिला असता. तो राहिला नाही, कारण तोवर गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर आलं.

ते उत्तर आधीच ओळखायला हवं होतं. कोल्हापूरच्या पायाखाली बेसॉल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. तेल तयार होतं ते गाळाच्या खडकात, सेंद्रिय द्रव्य पुरलं जाऊन, शिजून. लाव्हा थंड होऊन झालेल्या दगडात साठ फुटांवर ते कुठून येणार? उत्तरेला कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तिथे बेसॉल्टच सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला, आणि त्याच्याखाली ग्रॅनाइटसारखा स्फटिकी खडक. तात्यांना मी एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग हे आलं कुठनं?" हाच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या बांधावरून दिसत होतं. हायवे वरच्या अंगाला, मळा उताराला, मधे एक पाणंद, आणि हायवेच्या कडेला, विहिरीपासून अंदाजे दोनशे मीटरवर, पेट्रोल पंप.

ढिगारा

पण पंपाकडे जाण्याआधी दुसरंच गळ्यात पडलं. रील बघून जशी गावं आली तसे तलाठी आणि सर्कलही आले. ते तेल बघायला आले होते. तेल बघून झाल्यावर त्यांनी बांधाकडे बघितलं. मुरमाचा अर्धाच ढीग आणि ट्रॉलीच्या चाकोऱ्या.

मे महिन्यात यारीवाल्यानं निघालेला मुरूम आणि दगड पलीकडच्या गावातल्या एका प्लॉटिंगवाल्याला दिला होता. तात्यांना ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, ३०० रुपये मिळाले. एकेक ब्रासच्या सत्तर ट्रॉल्या, २१,००० रुपये. तात्यांना यात काही चूक आहे हे ठाऊकच नव्हतं. आपल्याच विहिरीतला मुरूम, तोही नको असलेला.

पंचनाम्यात मात्र विहिरीचा नवा भागच मोजला. व्यास तीस फूट, खोली वीस फूट, म्हणजे सुमारे १४,१०० घनफूट, १४१ ब्रास. बाजारभाव ब्रासला हजार धरला, कलम ४८(७) प्रमाणे पाचपट, ७,०५,०००. शिवाय ६०० रुपये ब्रासप्रमाणे स्वामित्वधन ८४,६००. तहसीलदारांची नोटीस: ७,८९,६०० रुपये का वसूल करू नयेत, याचा खुलासा करा.

तेलाच्या स्वप्नातून माणसं अशी मुरमात उतरतात. सातबाऱ्यावर बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर या नोटिशीत होतं. जे तेल नव्हतंच त्याच्या मालकीवर आम्ही तीन दिवस घालवले, आणि जो मुरूम समोर होता तो शासनाचा आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आमचा खुलासा तीन मुद्द्यांवर होता. पहिला, विकलं ते सत्तरच. उरलेला माल कुठे गेला हे दिसत होतं: थोडा बांधावर, थोडा पाणंदीवर पसरलेला, थोडा विहिरीच्या काठाला. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलंय की पाया खणताना निघालेली साधी माती त्याच जागेत वापरली तर केवळ खणली म्हणून दंड लावता येत नाही, ती कशासाठी वापरली हे तपासावं लागतं. तो निकाल भरावाच्या मातीबद्दलचा आहे, मुरमाला आणि फोडलेल्या दगडाला तो जसाच्या तसा लावता येतो असा दावा मी केला नाही, पण वापर तपासा एवढं त्यातून नक्की मागता येतं. दुसरा मुद्दा मोजमापाचा. खड्ड्यातला ब्रास आणि ट्रॉलीतला ब्रास एक नसतो. फोडलेला दगड फुगतो, त्यामुळे खड्डा मोजून ट्रॉलीचा भाव लावणं म्हणजे दोन वेगळी मापं एका हिशेबात घालणं. तिसरा, कायद्यातले शब्द 'पाचपटीपर्यंत' असे आहेत. पाचपट ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. किती पट, ते का, हे आदेशात लिहायला हवं.

तहसीलदारांनी पहिला मुद्दा मानला, तिसरा मानला नाही. सत्तर ब्रासवर पाचपट ३,५०,००० आणि स्वामित्वधन ४२,०००, एकूण ३,९२,०००. त्यावर प्रांतांकडे अपील केलं, साठ दिवसांची मुदत असते, आम्ही विसाव्या दिवशी दाखल केलं. तिथे पटीचा मुद्दा लागला आणि प्रकरण कारणं नमूद करून फेरनिर्णयासाठी परत गेलं. ते अजून चालू आहे. स्वामित्वधनाचे ४२,००० तात्यांनी आधीच भरून टाकले, माझ्या सांगण्यावरून. यावर काही वकीलमित्र मला नावं ठेवतात, पण विकलेल्या मालाचं स्वामित्वधन द्यायचंच होतं, ते भरलेलं असलं की बाकीचं बोलताना आवाज ताठ राहतो. यारीवाला मात्र नोटिशीच्या दिवसापासून फोन उचलत नाही.

माल उचलण्याआधी तहसीलला अर्ज, स्वामित्वधन आणि वाहतूक पास, एवढंच केलं असतं तर हे घडलं नसतं. शंभर घनफुटांना सहाशे रुपये. तात्यांनी दर तीनशे लावला होता. म्हणजे नियमानं गेले असते तर तो मुरूम विकणं परवडलंच नसतं, आणि बांधावर पडून राहिला असता.

पंप

जुलैच्या शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज दिला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला वेगळं पत्र. पंचांसमोर नमुने घेतले. काचेच्या गडद बाटल्या, वर हवा न ठेवता भरलेल्या, बर्फात. हे मुद्दाम लिहितोय, कारण आप्पांनी आधी स्वतःहून पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत नमुना भरून ठेवला होता आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेनं बाजूला ठेवला असता.

अहवालात ते कच्चं तेल नव्हतं. कच्च्या तेलात हलक्यापासून जड डांबरी अंशापर्यंत सगळं असतं. इथे मधलाच ठरावीक पट्टा होता, शुद्धीकरणातून गेलेल्या डिझेलचा. गंधकही नगण्य. १ एप्रिल २०२० पासून देशात डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही. बहुतेक कच्च्या तेलांत ते याच्या शेकडोपट असतं. म्हणजे माल ताजा होता आणि टाकीतला होता.

मग विहीर खोल केल्यावरच का? भूजलवाल्यांनी हे समजावलं आणि मला या प्रकरणात शिकायला मिळालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. बेसॉल्टमधून पाणी वाळूतल्यासारखं झिरपत नाही, भेगांमधून चालतं. गळती बहुधा आधीपासून असणार, थेंब थेंब. नवीन वीस फुटांत सुरुंगानं पंपाच्या अंगाची एखादी भेग विहिरीला येऊन मिळाली. खोल विहिरीतून मोटारीनं पाणी उपसलं की सभोवतालचं पाणी तिच्याकडे उतरतं. डिझेल पाण्याहून हलकं, ते पाण्याच्या पाठीवर बसून आलं. पावसानं पातळी चढली तसं दगडात अडकलेलंही सुटून वर आलं.

पंपचालकानं आधी अर्थातच हात वर केले. मग तेल कंपनीच्या माणसांनी टाकीची आणि पाइपची दाबचाचणी घेतली, रोज काठी टाकून साठा मोजल्याच्या नोंदी पडताळल्या, आणि डिझेल टाकीपासून मशीनकडे जाणाऱ्या पाइपचा एक जोड गळका निघाला. कंपनी कोणती, पंप कुणाचा, हे इथे गैरलागू आहे. जोड कुठेही गळतो.

इथे तात्यांचा हक्क मजबूत होता. विहिरीतलं पाणी आपल्या जमिनीत गोळा करून वापरण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून मान्य आहे. पाणी नासवलं तर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्याखाली, कलम १५, भरपाई मागता येते, कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत. प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजायची हे तत्त्व त्याच कायद्यात आहे, आणि अपघात असेल तर चूक सिद्ध करण्याचं ओझंही अर्जदारावर नाही. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का फी. अर्जाचा मसुदा मी तयार ठेवला आणि त्याची प्रत नोटिशीसोबत पाठवली.

नुकसानीचा आकडा काढताना भावांत मतभेद झाले. आप्पांना पंचवीस लाख लिहायचे होते, ह्यूस्टनचं अजून डोक्यात होतं. तात्या म्हणाले, "जेवढं गेलं तेवढंच लिवा, वकीलसाब. ल्हान आकडा असला की कोण हसत न्हाई." पाण्याअभावी वाळलेला ऊस, घरचा आणि जनावरांचा टँकर, मोटारीचं खराब झालेलं रबर, विहीर उपसून साफ करणं, पुढची तपासणी. पावत्या तात्यांनी सगळ्या ठेवल्या होत्या, टँकरवाल्याकडून वहीच्या पानावर का होईना सही घेतलेली. लवादापर्यंत जावं लागलं नाही. डिसेंबरमध्ये लेखी तडजोड झाली, रक्कम मी सांगत नाही, पण आप्पांच्या आकड्यापेक्षा खूप खाली आणि तात्यांच्या आकड्याच्या अगदी जवळ होती.

तडजोडीत एक कलम मी आग्रहानं घातलं. डिझेल दगडात कुठवर पसरलंय हे बघायला कंपनीला पंप आणि विहिरीच्या मधे तीन निरीक्षण बोअर घ्यायचे होते, आणि मधली जमीन तात्यांची. त्यांनी ना-हरकत मागितली, फुकट. मी म्हटलं, जेवढ्या गुंठ्यांत तुमचे बोअर, कुंपण आणि गाडीची वाट, तेवढ्याचं उसाच्या उत्पन्नाच्या हिशेबानं दरवर्षी भाडं, काम संपल्यावर बोअर बुजवून जमीन पूर्ववत, आणि प्रत्येक तपासणीच्या अहवालाची प्रत शेतकऱ्याला. त्यांनी मान्य केलं.

फेब्रुवारीत रिग आली. तात्या बांधावर खुर्ची टाकून दिवसभर बसले होते. त्यांनीच पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा रिगकडे फिरवला. "बघ," ते म्हणाले, "त्याल कंपनीनं माझ्या रानात बोअर मारलाय. आनि भाडं बी देत्यात."